डॉक्टर होण्यापुरती जागा

ईश्वर बाविस्करने आजवर तीन आत्मचरित्रं लिहिली होती आणि तिन्ही दुसऱ्यांची होती. पहिलं एका सूतगिरणीच्या चेअरमनचं, दुसरं एका माजी सभापतींचं आणि तिसरं केळीच्या एका व्यापाऱ्याचं. व्यापाऱ्याला आपल्या बालपणातलं केळीशिवाय काहीच आठवत नव्हतं, त्यामुळे त्याचं उरलेलं बालपण ईश्वरला स्वतःच्या पदरचं घालावं लागलं होतं. तिन्ही पुस्तकांत ईश्वरचं नाव होतं, नव्हतं असं नाही. आतल्या चौथ्या पानावर, मुद्रणालयाच्या पत्त्याच्या वर, 'शब्दांकन साहाय्य' असं लिहून पुढे मुंगीला वाचता येईल एवढ्या टायपात.

वय बावन्न. जळगावातल्या एका महाविद्यालयात तो मराठी शिकवायचा, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे घंटा झाली की प्राध्यापक आणि पुढची घंटा झाली की पुन्हा नुसताच ईश्वर.

त्यामुळे डॉ. फुलचंद बेदमुथांची सून चेलना जेव्हा म्हणाली, "सर, पप्पांना पंचाहत्तर पूर्ण होतायत, चरित्र तुम्हीच लिहायचं आणि मुखपृष्ठावर तुमचं नाव येणार," तेव्हा ईश्वरने मानधनाचा विषयच काढला नाही.

"मुखपृष्ठावर म्हणजे... बाहेर?" एवढंच त्याने विचारलं.

"बाहेर. पप्पांच्या फोटोखाली. लेखक, प्राध्यापक ईश्वर बाविस्कर."

ही बातमी त्याच्या बायकोने, सुनिताने, त्याच संध्याकाळी कॉलनीत, भिशीच्या ग्रुपवर, असोद्याच्या बहिणीला आणि गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही सांगितली. गॅसवाला म्हणाला, "छान." आता परतीचा रस्ता उरला नव्हता.

चरित्राचा खरा खजिना एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होता. फुलचंद मूळचे धरणगावचे. घरचं किराण्याचं दुकान. आठवी ते अकरावी शिकायला ते धुळ्याच्या एका वसतिगृहात होते आणि तिथून दर रविवारी आईला पोस्टकार्ड टाकायचे. आई प्रेमकुंवरबाईंनी, ज्यांना ते 'बाई' म्हणत, त्यांतली त्रेचाळीस कार्डं मरेपर्यंत जपून ठेवली होती. मोत्यासारखं अक्षर. भाषा अशी की ईश्वरला वाचताना दोनदा चष्मा पुसावा लागला. आणि त्या सगळ्यांत शिरोमणी म्हणजे दहावीतलं एक कार्ड: 'आज एका आजारी म्हातारीचे हाल डोळ्यांनी पाहिले. रात्रभर झोप नाही. बाई, मी मनाशी नक्की ठरवले आहे, मोठेपणी डॉक्टर होईन.'

हे कार्ड चेलनाने आठ फुटी करून हॉस्पिटलच्या स्वागतकक्षात लावलं होतं. पेशंट नंबर येईपर्यंत ते वाचत बसायचे आणि आत जाताना निम्मे बरे झालेले असायचे, असं तिचं म्हणणं होतं.

दुसरा मालमसाला म्हणून ईश्वरने डॉक्टरांच्या अकरा वर्गमित्रांना पत्रं पाठवून शाळेतल्या आठवणी मागवल्या. गौरवग्रंथाला मजकूर मागवण्याचा त्याला अनुभव होता. निम्मे लोक देतच नाहीत आणि उरलेले ग्रंथ छापून झाल्यावर देतात. इथे आठ दिवसांत अकराही आठवणी आल्या. सगळ्या टाइप केलेल्या, सगळ्या दीड पानाच्या आणि सगळ्या सुरेख. तिथेच खरं तर त्याला संशय यायला हवा होता.

पण तो नुसता खूश झाला. चौथी आठवण वाचताना मात्र त्याच्या लक्षात आलं, की लिहिणारा लहानपणी वसतिगृहाच्या हौदात पडला होता आणि फुलचंदने त्याला बाहेर काढलं होतं. दुसऱ्या आठवणीतलाही हौदातच पडला होता. त्याने सगळ्या आठवणी पुन्हा चाळल्या. अकरापैकी नऊ जण हौदात पडले होते आणि नऊही जणांना फुलचंदनेच काढलं होतं. उरलेल्या दोघांना पोहता येत होतं.

"शेवाळ असेल," सुनिता म्हणाली.

"नऊ वेळा?"

"मग रेक्टरने हौद घासून घ्यायला नको? तेही लिहा."

ईश्वरने हौदाचं काय करावं याचा विचार दोन दिवस पुढे ढकलला. तिसऱ्या दिवशी चाळीसगावहून अ‍ॅडव्होकेट प्रेमराज टाटियांचा फोन आला. हे पोहता येणाऱ्या दोघांपैकी एक.

"सर, प्रकाशनाच्या दिवशी मलाही पाच मिनिटं द्या. माझ्या आईनं माझं एक पत्र ठेवलेलं सापडलंय. वाचून दाखवतो, मंडपात एक डोळा कोरडा राहणार नाही. फोटो पाठवलाय, बघा."

ईश्वरने फोटो उघडला. मोत्यासारखं अक्षर. तारीख तीच, रविवारही तोच. 'आज एका आजारी म्हातारीचे हाल डोळ्यांनी पाहिले. रात्रभर झोप नाही. आई, मी मनाशी नक्की ठरवले आहे, मोठेपणी वकील होईन.'

त्याने खुर्चीत बसून फोन लावला.

"वकीलसाहेब, आजारी म्हातारी बघून तुम्ही वकील व्हायचं का ठरवलं?"

"म्हातारीच्या इस्टेटीचा काही प्रश्न असेल."

"आणि अक्षर?"

"कुणाचं?"

"पत्राचं. डॉक्टरसाहेबांच्या पत्राचंही अक्षर हेच आहे."

"हो मग," प्रेमराज म्हणाले, "झुल्याचंच ना. आम्ही कुठं लिहायचो पत्रं? सगळ्या वसतिगृहाची झुल्याच लिहायचा, झुलाल पावरा; अजून धुळ्यातच अर्ज लिहितो. फुलचंदनं सांगितलं नाही तुम्हाला?"

"तुम्ही पाठवलेली आठवण?"

"तीही त्यालाच लिहायला सांगितली. सर, मी चाळीस वर्षं कोर्टात बोलतोय. लिहायचं काम कधी केलं नाही."

"वकीलसाहेब, ते पत्र प्रकाशनात वाचू नका."

"का? माझ्या आईला आलेलं आहे, माझ्या नावचं आहे. कायद्यानं माझंच!"

ईश्वरने फोन ठेवला आणि प्रकाशनाचा मंडप डोळ्यांसमोर आणला. समोर हजार माणसं. डॉक्टर म्हातारी वाचतायत. मग वकील उठून तीच म्हातारी वाचतायत. तिसऱ्या रांगेतून जिनिंगवाला कुणी वर्गमित्र खिशातून आपली म्हातारी काढतोय. आणि मुखपृष्ठावर, फोटोखाली, बाहेर, मोठ्या अक्षरात, लेखक कोण? ईश्वर बाविस्कर. आयुष्यात पहिल्यांदा त्याला चौथ्या पानाची किंमत कळली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो धुळ्याला गेला.

झुलाल पावरा धुळ्यात कोर्टाच्या आवाराबाहेर लिंबाखाली टेबल टाकून बसतो, हे शोधायला वेळ लागला नाही. पहिल्याच रिक्षावाल्याने त्याच्याकडून दोन अर्ज लिहून घेतले होते. पंचाहत्तरीचा काटकुळा माणूस, पांढरा शर्ट, खिशात चार पेनं. समोर एक बाई भावकीतल्या बांधाचं भांडण सांगत होती आणि हा तिच्यापेक्षा जास्त तळमळून ते कागदावर उतरवत होता. बाई गेली तेव्हा ती रडत होती. आपल्यावर इतका अन्याय झालाय हे तिला अर्ज ऐकल्यावरच कळलं असावं.

"बठा सर, बठा," झुलाल म्हणाला. "तुमी येशात असं वाटेलच व्हतं."

डॉक्टरांच्या आईने जपलेल्या त्रेचाळीस कार्डांचं सांगत ईश्वरने दोन्ही पत्रांचे फोटो टेबलावर ठेवले. त्यांच्या शेजारी अकरा आठवणी. आरोपीसमोर पुरावा ठेवावा तशा.

झुलालने चष्मा लावून सगळं पाहिलं. चेहऱ्यावर पश्चात्ताप म्हणून नव्हता. जत्रेत हरवलेली म्हैस सापडलेल्या माणसाचा आनंद होता.

"हाई बठ्ठं मनंच लिखेल शे," तो म्हणाला. मग समोर मराठीचा मास्तर बसलाय हे ध्यानात येऊन त्याने भाषा बदलली. "सगळं माझंच लिहिलेलं. फुलचंदच्या आईनं ठेवली म्हणता? त्रेचाळीस?"

"त्रेचाळीस. पण असं का?"

"रेक्टरचा नियम होता. रविवारी पोस्टकार्ड टेबलावर आल्याशिवाय पंगतीत शिरा वाढायचा नाही. ही सगळी पोरं दुकानदारांची. पाढे तोंडपाठ, पण आईला काय लिहायचं म्हटलं की घाम फुटायचा. मी सातपुड्यातून आलेलो, फुकट शिकणारा. एका कार्डाला निम्मा शिरा असा भाव ठरला. एका बैठकीत तीस कार्डं लिहायचो, सर."

"म्हणजे पंधरा वाट्या शिरा?"

"वाटून खायचो," झुलाल नम्रपणे म्हणाला.

"आणि ही आजारी म्हातारी कोण?"

"म्हातारी नव्हती. म्हैस होती. रेक्टरची. तीन दिवस चारा खाल्ला नव्हता तिनं, सगळं वसतिगृह चिंतेत, कारण दूध बंद. मी आधी म्हैसच लिहिणार होतो. पण मग विचार केला, म्हैस लिहिली तर तिसाच्या तिसांना ढोरांचा डॉक्टर व्हावं लागेल."

ईश्वरने कपाळावरचा घाम पुसला. "आणि कोणी काय व्हायचं, ते कसं ठरवलं? फुलचंद डॉक्टर, प्रेमराज वकील?"

"मी कुठं ठरवलं? कार्डानं ठरवलं. रेक्टरनं त्या रविवारी फर्मान काढलं, मोठेपणी काय होणार ते लिहा. आता मजकूर लिहून झाल्यावर शेवटी जेवढी जागा उरेल तेवढंच माणसाला होता येणार ना? फुलचंदच्या कार्डावर आईची खुशाली, काकाची खुशाली, दुकानाची खुशाली, लांबत गेलं. मला त्याला इंजिनिअर करायचं होतं, पण मावेना. डॉक्टर मावलं. प्रेमराजला तर त्याहून कमी जागा. एकाला तर नुसतं 'अडत' एवढंच बसलं. तो अजून मार्केट यार्डात आहे."

"आणि हौद? नऊ जण हौदात?"

"डॉक्टरचं चरित्र म्हटल्यावर त्यानं कोणाला तरी वाचवायला नको? प्रत्येकजण म्हणे, झुलाल, माझ्यात काहीतरी थरारक टाक. आता वसतिगृहात हौदाशिवाय थरारक काय होतं?"

ईश्वरने शेवटची आशा म्हणून पिशवीतून डॉक्टरांचं मनोगत काढलं. तीन पानी, स्वतः डॉक्टरांनी पाठवलेलं. झुलालने पहिल्या ओळीवर नजर टाकली आणि लाजून विचारलं, "हे कसं वाटलं तुम्हाला? त्याला फोनवर वाचून दाखवलं तर रडला."

ईश्वरने मनोगत परत पिशवीत घातलं. मग त्याने एसटीत पाठ केलेलं वाक्य बोलून टाकलं. "झुलालभाऊ, हे आपल्या दोघांत राहिलं तर बरं होईल. मी ऋणनिर्देशात तुमचा खास उल्लेख करतो."

त्याला वाटलं होतं, माणूस हात जोडेल आणि म्हणेल, कशाला माझं नाव, मी साधा अर्ज लिहिणारा. अशी माणसं असंच म्हणतात. ईश्वरने स्वतः तीन पुस्तकांत असंच म्हणणारी साधी माणसं लिहिली होती.

"ऋणनिर्देशात मंडपवाल्याचंही नाव असतं," झुलाल म्हणाला. "मुखपृष्ठावर कोनं नाव शे?"

"तसं... माझं."

"आनि मनं नाव कोठे शे?"

ईश्वर पिशवीचे बंद सारखे करू लागला.

"सर, साठ वर्षं लिहितोय. आयांना पोरांच्या नावानं लिहिलं, कोर्टाला पक्षकारांच्या नावानं लिहिलं. सगळ्या कागदांखाली सही दुसऱ्याची. माझ्या आईला पत्र लिहिलं नाही, कारण आमच्या पाड्यावर पोस्टमन चढत नव्हता आणि चढला असता तरी वाचणारं कोणी नव्हतं. हे पहिलं पुस्तक आहे माझं. नाव टाका. मोठं टाका."

ईश्वरला कितीतरी उत्तरं सुचली. पण प्रत्येक उत्तर त्याने स्वतःच कधी ना कधी चेअरमनच्या, सभापतींच्या नाहीतर केळीवाल्याच्या तोंडून ऐकलं होतं.

परत येऊन त्याने सरळ डॉ. बेदमुथांची केबिन गाठली. चेलनाही तिथेच होती, हातात मुखपृष्ठाचे चार नमुने. ईश्वरने सगळं सांगितलं. म्हैस सांगितली तेव्हा चेलना खाली बसली.

डॉक्टर मात्र स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून हसत होते. "झुल्या बोलला का शेवटी? मला वाटलं, माझ्यानंतर बोलेल."

"पप्पा, तुम्हाला माहीत होतं?" चेलना म्हणाली. "आणि तुम्ही मला ते आठ फुटी लावू दिलं?"

"मी म्हटलं, छोटं लाव. तू ऐकलं नाहीस."

"पण डॉक्टर व्हायचं तुमच्या मनात होतं ना? ते तरी?"

"माझ्या मनात सायकलचं दुकान होतं," डॉक्टर म्हणाले. "अगं, बाईला मराठी वाचता यायचं नाही. कार्ड आलं की ती दुकानात घेऊन जायची आणि आमचे दिवाणजी ते मोठ्यानं वाचायचे. तो बाजाराचा दिवस होता. गिऱ्हाइकानं दुकान भरलेलं. दिवाणजींनी वाचलं, फुलचंद डॉक्टर होणार. बाई रडली. बाबांनी सगळ्यांना बत्तासे वाटले. दिवाळीला मी घरी गेलो, तर स्टेशनपासून घरापर्यंत लोक मला जीभ काढून दाखवतायत, जरा बघ म्हणून. मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो, की ते झुल्यानं लिहिलंय आणि मी निम्मा शिरा दिलाय? त्यानं एका ओळीत लिहिलेलं खरं करायला मला अकरा वर्षं लागली."

"पप्पा, हे पुस्तकात घालायचं नाही," चेलना म्हणाली. "लोक काय म्हणतील? म्हशीमुळे डॉक्टर?"

"म्हशीमुळे नाही. शिऱ्यामुळे." डॉक्टर गंभीर झाले. "चेलना, पंचेचाळीस वर्षं मी पेशंटला खरं सांगत आलो. आता पंचाहत्तराव्या वर्षी हजार माणसांना बोलावून खोटं वाटू? आणि त्या चाळीसगावच्या वकिलाला कोण अडवणार? तो आपलं पत्र वाचल्याशिवाय जेवायचा नाही." मग ते ईश्वरकडे वळले. "सर, जसं घडलं तसं लिहा. हौद काढा. मी एकदा हौदात पडलो होतो, मला झुल्यानं काढलं होतं, तेवढं ठेवा."

"आणि मुखपृष्ठावर?" ईश्वरने हळूच विचारलं.

डॉक्टरांनी दोन्ही हात वर केले. "लेखकालेखकांतलं दुखणं माझ्याकडे नाही. तुम्ही दोघं बसा आणि ठरवा. चेलना, पुढचा पेशंट."

दहा दिवसांत ईश्वरने पुस्तक नव्याने लिहिलं. म्हणजे झुलालची त्रेचाळीस पत्रं, झुलालच्या अकरा आठवणी आणि झुलालने लिहिलेलं मनोगत यांच्या मध्ये तो स्वतःचे परिच्छेद घालत गेला आणि प्रत्येक वेळी त्याला वाटत गेलं, की आपण चांगल्या घरांच्या मधल्या बोळात राहतोय.

झुलाल प्रुफं बघायला जळगावला आला तो नवा शर्ट घालून. मुद्रणालयात दोघं एका बाकावर बसले. समोर मुखपृष्ठाचा नमुना. फोटोखालची जागा कोरी.

"माझं वर, तुमचं खाली," ईश्वरने बोलणी सुरू केली. "मजकूर जुळवला मी, क्रम लावला मी, चरित्र म्हणून उभं केलं मी."

"तुम्ही खुंट्या ठोकल्या," झुलाल म्हणाला. "कपडे माझे आहेत."

"पण पुस्तकाला सुरुवात लागते. ती माझी आहे."

"वाचा बरं."

ईश्वरने घसा साफ करून वाचलं. "खान्देशच्या काळ्याभोर मातीने या महाराष्ट्राला अनेक नररत्ने दिली, त्या तेजस्वी मालिकेतील एक अनमोल रत्न म्हणजे डॉ. फुलचंद बेदमुथा."

अगदी हलक्या हाताने, दुसऱ्याच्या ताटाला हात लावावा तसं, झुलालने प्रूफ ओढून घेतलं. "राग येत नसेल तर एक करू?"

खिशातल्या चार पेनांतून त्याने एक निवडलं. ते वाक्य एका रेघेने खोडलं आणि वर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'फुलचंदला डॉक्टर व्हायचं नव्हतं, पण पोस्टकार्डावर तेवढीच जागा उरली होती.'

ईश्वरने ते वाचलं. पुन्हा वाचलं. त्यात काही चूक सापडते का, हे मास्तराच्या नजरेने पाहिलं. नररत्नांना परत आणायचा काही मार्ग दिसतो का, तेही पाहिलं. मग तो बाकावरून उठला आणि आत जाऊन कॉम्प्युटरवर बसलेल्या स्वप्नीलला म्हणाला, "वरचं नाव लिहून घे. झुलाल पावरा. आणि खाली ईश्वर बाविस्कर."

"टाइप दोघांचा सारखा?" स्वप्नीलने विचारलं.

"सारखा," ईश्वर म्हणाला. "आणि 'प्रा.' काढ. दोन नावांत एकालाच असलं की दुसरा उघडा वाटतो."

बाहेर येऊन त्याने सुनिताला फोन लावला. तिला आधी सांगितलेलं बरं होतं, नाहीतर गॅसवाल्याकडून कळलं असतं.

"आलं का नाव?" तिने विचारलं.

"आलं. खालचं."

"खालचं म्हणजे?"

"वर झुलालभाऊंचं आहे. खाली माझं."

पलीकडे फोडणीचा आवाज आला. "पुस्तकाच्या बाहेरच आहे ना पण?"

"बाहेर आहे."

"चष्म्याशिवाय दिसतंय?"

ईश्वरने दारातूनच पडद्यावर पाहिलं. "दिसतंय."

"मग झालं की," सुनिता म्हणाली. "तुमच्या त्या झुलालभाऊंना जेवायला घेऊन या. एवढ्या लांबून आलेत."

बाकावर झुलाल पुढचं पान उलटून पेनाचं टोपण काढत होता.

"चला, जेवायला घरी," ईश्वर म्हणाला.

"येतो ना भो," झुलाल म्हणाला आणि दुसऱ्या वाक्यावर नजर ठेवून बसून राहिला. "हाई एक वाक्य व्हई जाऊ द्या."